खेळ किती वाजता संपतो?

एक वर्ष आधी

पांढुर्ण्याच्या गोटमारीची तारीख कोणाला विचारावी लागत नाही. श्रावणी अमावस्येला पोळा आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला गोटमार. नवं कॅलेंडर खिळ्याला टांगलं की वर्षभर आधीच कळतं, अमुक दिवशी जाम नदीच्या पात्रात माणसांची डोकी फुटणार. 2023 साली तो दिवस 15 सप्टेंबरला आला, 2024 साली 3 सप्टेंबरला, 2025 साली 23 ऑगस्टला, शनिवारी. त्या शनिवारी जखमींचा आकडा हजाराच्या आसपास गेल्याच्या बातम्या आल्या. इतर वर्षी तो कमी-जास्त होतो, पण शेकड्यातच राहतो.

पूर, आग, चेंगराचेंगरी यांचे घटनाक्रम झाल्यावर लिहिले जातात. कोण कुठे होतं, कोणी काय पाहिलं, कोणत्या मिनिटाला काय हुकलं, ते मागाहून जुळवत बसावं लागतं. गोटमारीचा घटनाक्रम आधी लिहून ठेवता येतो आणि दिवस त्याबरहुकूम उजाडतो, मावळतो. म्हणून पुढचं वेळापत्रक कोणत्याही एका वर्षाचं नाही. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे धरा.

गाव सांगायचं तर, नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर महाराष्ट्राची हद्द ओलांडली की पांढुर्णा लागतं. संत्री, कपाशी, काळी जमीन. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी. आधी हा छिंदवाडा जिल्ह्याचा भाग होता. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला, आणि कलेक्टर, एसपी गावातच बसू लागले. पांढुर्ण्याला लागून, जाम नदीच्या पलीकडे सावरगाव. दोन्हीकडे सोयरिकी आहेत, एकच बाजार आहे. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस नदीवरच्या पुलावरून कोण इकडचा नि कोण तिकडचा, हे कोणी बघत नाही. उरलेल्या एका दिवशी नदीत रोवलेल्या झाडासाठी आणि त्यावरच्या झेंड्यासाठी दोन्ही काठांवरून दगड सुटतात.

पंधरा दिवस आधी

शांतता समितीची बैठक. अधिकारी, दोन्ही बाजूंचे जाणते लोक, नगरपालिकेची माणसं. चहा-बिस्किटं. अशा बैठकीत बोललं जातं ते वर्षानुवर्षं तेच: परंपरा पाळू, पण शांततेत पाळू.

घरी लेकराच्या वाढदिवसाला चार खेळ ठेवायचे म्हटलं तरी आई-बापाच्या खिशाला चाट बसते. फुगे, टोप्या, बक्षिसं, हॉल. त्या हिशेबानं पाहिलं तर गोटमारीसारखा स्वस्त खेळ देशात शोधून सापडायचा नाही. जागा नदीची, फुकट. सामान म्हणजे गोटे, तेही नदीचेच. कथा जुनी, सर्वांना पाठ. बक्षीस एक झेंडा. प्रवेश फी नाही, नावनोंदणी नाही, वयाची अट नाही. हजारो लोकांचं दिवसभराचं मनोरंजन, आणि खेळणाऱ्याच्या खिशातून एक रुपया जात नाही.

खर्च निघतो तो दुसऱ्या वहीत. 2025 साली सहा तात्पुरती आरोग्य केंद्रं, 58 डॉक्टर, सुमारे 200 आरोग्य कर्मचारी आणि 600 च्या आसपास पोलीस लावल्याचं बातम्यांत आलं. शिवाय रुग्णवाहिका, कॅमेरे, ड्रोन. दारूची दुकानं बंद. गोफणीला बंदी. आणि जमावबंदीचा आदेश. तो आदेश लागू असताना हजारोंचा जमाव जमतो, ही गंमत आता कोणाला गंमत वाटेनाशी झाली आहे.

एवढी तयारी पाहिली की एक गोष्ट खटकते. टाके किती लागतील याचा अंदाज आहे, पट्ट्या किती, सलाईन किती, नागपूरला किती जणांना न्यावं लागेल याचाही आहे. खेळ किती वाजता आणि कशावर थांबवायचा, याचा कागद मात्र त्या फायलीत नसतो.

आदल्या दिवशी, दुपारी 4

पोळा. पांढुर्ण्यात, सौंसरात, वाटेवरच्या खेड्यापाड्यांत बैल नदी-नाल्यावर न्हाऊन आले आहेत. शिंगांना रंग, बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळा, कपाळावर मठाठी. तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणणारे एकमेकांवर कुरघोडी करतात, आणि तोरण तुटलं की पोळा फुटतो. मग बैल घरोघरी जातो, त्याला पुरणपोळीचा घास, आणि त्याला घेऊन आलेल्याला बोजारा, म्हणजे खुशीचे पैसे. ट्रॅक्टरांनी बैल कमी केले, पण ज्याच्याकडे जोडी उरली आहे तो या दिवशी गावात जरा ताठ चालतो.

तिकडे पळसाचं झाड जंगलातून तोडून आलेलं असतं. हे झाड आणायचा, नदीत रोवायचा मान सावरगावच्या कावळे घराण्याकडे आहे, पिढ्यान् पिढ्या.

पहाटे 5

अंधारातच झाड नदीच्या मधोमध उभं करतात. पावसाळ्याचे दिवस, जामला पाणी असतं. कुठे घोट्याएवढं, कुठे त्याहून जास्त, पाऊस झाला असेल तर ओढही असते. खड्डा करून बुंधा बसवायचा, भोवती दगडांनी ठासायचा, वर झेंडा बांधायचा.

झाड पळसाचंच का, याला लोक परंपरेकडे बोट दाखवतात. पळसाचं लाकूड तसं नरम, इमारतीच्या कामाचं नाही, पण पाण्याखाली टिकतं. जुन्या विहिरींच्या बुडाशी ते वापरत. त्याची साल चिवट, तंतूंची, मुळ्यांच्या तंतूंचे दोर वळतात. कुऱ्हाडीचा घाव अशा ओल्या, तंतूमय बुंध्यावर नीट बसत नाही, एका दणक्यात ढलपी उडत नाही. त्यात घाव घालणारा कमरेत वाकलेला, पाय गोट्यांवर घसरतायत, आणि दोन्ही काठांवरून दगड येतायत. पाच मिनिटांचं काम पाच तास का चालतं, ते या झाडाकडे पाहिलं की उमगतं.

त्याच पहाटे थोडं दक्षिणेला, विदर्भात, पळसाचं दुसरंच काही चाललेलं असतं. दारात ठेवलेले पळसाच्या फांद्यांचे मेढे उचलून लोक गावाबाहेर नेऊन टाकतात, रोगराई, माशा-मोंगसं, इडापिडा ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत. नागपुरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळी 1881 पासूनची, पिवळी 1885 पासूनची. एका दिवसात, शंभर किलोमीटरच्या आत, एकच झाड एके ठिकाणी पिडा बाहेर नेतं आणि दुसऱ्या ठिकाणी भर नदीत उभं राहून तिला बोलावतं.

सकाळी 7

पूजा. बाया-माणसं पाण्यात उतरून झाडाला कुंकू लावतात, नारळ फोडतात, नवस बोलतात, फेडतात. लेकरांना कडेवर घेऊन आलेल्या आया असतात. या वेळी नदीत उभं राहिलं तर इथे चार तासांनी काय होणार आहे याची खूण सापडत नाही. फक्त काठाला कुठे कुठे गोट्यांचे ढीग दिसतात, मुठीत मावतील अशा आकाराचे.

कथा याच वेळी सांगितली जाते. पांढुर्ण्याचा मुलगा, सावरगावची मुलगी, दोघांचं प्रेम. तो तिला पळवून नेत असताना भर नदीत दोघं सापडली. सावरगावकरांनी मुलीकडच्या रागानं दगड मारले, पांढुर्णेकरांनी मुलाला वाचवायला उलट दगड मारले, आणि दोघं मधल्या मध्ये गेली. मग दोन्ही गावांना पश्चात्ताप झाला, त्यांचे देह चंडीच्या देवळात आणून ठेवले. दुसरी कथा सांगते की भोसल्यांच्या फौजेतले लोक इथे दगडफेकीचा सराव करत. पहिलीचा जोर जास्त, कारण ती झाडाला अर्थ देते: झाड म्हणजे ती मुलगी, ते पांढुर्णेकरांनी न्यायचं आणि सावरगावकरांनी राखायचं.

मला या कथेतलं एक कळत नाही. ज्या दिवशी दोन्ही गावांनी मिळून दोन जीव मारले, त्या दिवसाचा पश्चात्ताप तोच दिवस पुन्हा खेळून कसा होतो? पण लोककथेला असे प्रश्न विचारणारा मी पहिला नाही, आणि कथेनं त्याचं उत्तर द्यायचं काही बंधन नाही.

सकाळी 10

पहिले गोटे पडतात. ही पोरासोरांची वेळ. बारा-चौदा वर्षांची मुलं, नेम नाही, ताकद नाही, बरेचसे दगड पाण्यात. काठावर हशा. पुलावर, गच्च्यांवर, देवळाच्या ओट्यावर माणसं जागा धरून बसतात. सौंसर, मुलताई, वरूड, काटोल या बाजूंनी आलेली मंडळी असते. शेव-चिवडा, चणे, आईस्क्रीमच्या गाड्या लागतात. हा मेळाच असतो, आणि दिवसाचा निम्मा भाग मेळ्यासारखाच जातो.

आरोग्य केंद्रात पहिला जखमी येतो तेव्हा डॉक्टरचा हातमोजा अजून कोरा असतो. भुवईवर चीर, दोन टाके. पोरगा पट्टी लावून पुन्हा नदीकडे पळतो. हे दृश्य पुढच्या सहा तासांत शेकडो वेळा घडतं. नर्सच्या समोरच्या रजिस्टरात नाव, वय, गाव, जखम कुठे. तेच नाव त्याच दिवशी दुसऱ्यांदाही येऊ शकतं.

सकाळी 11.30

पोरं मागे सरतात, बाप्ये उतरतात. आता नेम आहे. अमुकाचा हात गोट्यात कसा बसलाय हे गावाला माहीत असतं, त्याची चर्चा वर्षभर चालते. ‘चंडी माता की जय’ असा गजर उठतो, पांढुर्ण्याची तुकडी झाडाकडे सरकते, पलीकडून मारा वाढतो, तुकडी मागे हटते. पुन्हा सरकते.

दोनशे ग्रॅमचा गोटा जवान माणसानं जोर लावून फेकला तर तो साधारण ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटर वेगानं सुटतो. डोळ्याला, कानशिलाला, कवटीच्या पातळ भागाला तेवढं पुरेसं आहे. गोफण आली की हिशेब बदलतो. पाखरं हाकायला शेतात वापरायची ही दोरी हाताची लांबी वाढवते, वेग कितीतरी वाढवते आणि मुख्य म्हणजे दगड कोणी मारला ते लपवते. हाताच्या दगडाला चेहरा असतो. समोरचा दिसतो, तो वाकला की आपण सरकतो. गोफणीचा दगड तिसऱ्या रांगेच्या मागून येतो. म्हणून बंदी आहे. आणि बंदी असूनही गोफण दिसल्याच्या तक्रारी येत राहतात.

दारूचंही तेच. दुकानं बंद असली तरी बाटली आदल्या दिवशी घेऊन ठेवता येते.

दुपारी 1

इथे घड्याळ जरा थांबवून बघण्यासारखं आहे, कारण दिवस इथेच हातातून सुटतो.

दगडफेकीचा खेळ पांढुर्ण्यातच आहे असं नाही. उत्तराखंडात चंपावत जिल्ह्यात देवीधुरा इथे राखीपौर्णिमेला बग्वाल होते. चार खामांचे, म्हणजे कुळांच्या गटांचे लोक, बांबूच्या ढाली, वाराही देवीचं पटांगण. तिथली जुनी समजूत अशी की देवीला एका माणसाच्या अंगातल्या रक्ताएवढं रक्त मिळालं पाहिजे. तेवढं सांडलं असं पुजाऱ्याला वाटलं की तो मध्ये येतो, आणि खेळ थांबतो. सगळा प्रकार काही मिनिटांत आटोपतो. 2013 साली तिथल्या उच्च न्यायालयानं दगडांवर बंदी आणली, त्यानंतर फळं-फुलं फेकायला सुरुवात झाली. दगड पूर्ण गेले असं नाही, पण खेळाचं रूप बदललं.

हिमाचलात शिमल्याजवळ धामीला दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी असंच असतं. तिथे पहिला माणूस रक्तबंबाळ झाला की संपलं, त्या रक्ताचा टिळा भद्रकालीला लावतात.

दोन्हीकडे रक्त आहे, अंधश्रद्धा म्हणायची तर दोन्हीकडे आहे. पण दोन्हीकडे खेळ बांधणाऱ्या कोण्या जुन्या डोक्यानं एक कळ आत ठेवली होती: बास म्हणायची कळ. किती झालं की पुरे, हे ठरलेलं आहे, आणि पुरे म्हणणारा माणूसही ठरलेला आहे. तो मध्ये आला की दगड टाकून द्यायचा, यात कमीपणा नाही.

गोटमारीत ती कळ नाही. खेळ संपतो तो झाड तुटल्यावर किंवा सूर्य बुडाल्यावर. झाड तुटू न देणं हेच सावरगावचं काम, ते तोडल्याशिवाय न हटणं हे पांढुर्ण्याचं. म्हणजे दोन्ही पक्ष आपापलं काम चोख करतात तेव्हा खेळ जास्तीत जास्त लांबतो. रक्त मोजायला कोणी नाही. पहिली जखम, शंभरावी जखम, पाचशेवी जखम, खेळाच्या नियमाच्या दृष्टीनं सगळ्यांची किंमत सारखीच, शून्य. धामीला जी गोष्ट शेवट करते, ती इथे सकाळी दहाला होऊन गेलेली असते आणि पुढे आठ-नऊ तास बाकी असतात.

आणि आपल्याच मुलखात, सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात, बोरी आणि सुखेड या दोन गावांच्या बाया नागपंचमीनंतर ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि एकमेकींना शिव्या देतात. बोरीचा बार. हलगी-ताशे वाजतात, हातवारे होतात, पोलीस मध्ये उभे असतात, पदर खोचून बाया कडेपर्यंत येतात. दोन गावं, मध्ये ओढा, पावसाळा, जुनी अढी, फेकाफेकी. मांडणी अगदी गोटमारीची. फेकायची वस्तू तेवढी तोंडातली. कमी खर्चाच्या खेळांत याच्यावर ताण करणारा खेळ मला अजून दिसलेला नाही.

दुपारी 2.30

मारा टिपेला. पात्रात दोन-तीन ठिकाणी माणसं उचलून नेताना दिसतात. रुग्णवाहिकेला गर्दीतून वाट मिळेपर्यंत वेळ जातो, म्हणून पुष्कळांना पोरं खांद्यावर घालून, नाहीतर मोटरसायकलवर मध्ये बसवूनच आणतात. काही जण केंद्राकडे वळतच नाहीत. ते थेट चंडीच्या देवळात जातात, जखमेवर तिथला अंगारा भरतात. देवीच्या अंगाऱ्यानं गोटमारीची जखम भरते अशी श्रद्धा आहे. आरोग्य खात्याच्या रजिस्टरात यांची नोंद नाही, त्यामुळे संध्याकाळी जो आकडा सांगितला जातो त्याच्याहून खरा आकडा मोठाच असतो.

आता एखादा नवा अधिकारी असेल तर त्याच्या मनात येतं ते आधीच्या कित्येकांच्या मनात येऊन गेलं आहे: हे बंद का करू नये? प्रयत्न झाले. 1978 आणि 1987 साली परिस्थिती एवढी हाताबाहेर गेली की पोलिसांना गोळीबार करावा लागला. ज्या दिवशी दगडानं माणूस मरू नये म्हणून बंदोबस्त, त्या दिवशी गोळीनं मेला. 1955 पासूनच्या मोजदादीत डझनाहून जास्त मृत्यू आहेत. मानवाधिकार आयोगानं दखल घेतली. 2001 साली दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. चेंडू थोडा वेळ चालले, मग लोकांनी नदीतले दगड उचलले.

रबरी चेंडूंचं हसं झालं, पण ती कल्पना मूर्खपणाची होती असं मला वाटत नाही. ती अर्धी होती. वस्तू बदलली, खेळ तोच ठेवला. झाड तसंच, वेळ तशीच, शेवट तसाच नसलेला. चेंडू लागल्यानं काहीच होत नसेल तर झाडापर्यंत जाणाऱ्याला कोणी अडवू शकत नाही, सावरगावचा पक्ष आधीच हरलेला. मग सावरगावकरानं दगड उचलला तर त्याला दोष कसा द्यायचा? चेंडू लागला तो बाद, किंवा एकावेळी दहाच जण झाडाकडे, किंवा दर तासाला शिट्टी आणि विसावा, असं काही जोडलं असतं तर गोष्ट वेगळी होती. कबड्डी ज्या देशानं रचली त्याला हे अवघड नव्हतं.

इटलीत इव्रेआ गावी कार्निव्हलच्या दिवसांत संत्र्यांची लढाई होते. तिथे संत्री पिकतही नाहीत, दक्षिणेकडून गाड्या भरून आणावी लागतात. पण नियम पाहा: गाडीवर उभे राहणारे शिरस्त्राण घालतात, आणि ज्याला मार नको त्यानं लाल टोपी घालायची. लाल टोपीवाल्याला मुद्दाम मारायचं नाही. एका टोपीनं खेळणारा आणि बघणारा वेगळा केला. पांढुर्ण्यात काठावर आईस्क्रीम खाणाऱ्या माणसाच्या डोक्यात दगड बसतो, तो कोणत्या पक्षाचा होता ते कोणी विचारत नाही.

आणि संत्री म्हणाल तर पांढुर्णा-सौंसरची गोष्टच वेगळी. आंबिया बहाराची फळगळ नेमकी ऑगस्ट-सप्टेंबरात होते. हिरवी, टणक, न विकणारी फळं झाडाखाली सडा पडल्यासारखी पडतात, आणि बुरशी पसरू नये म्हणून शेतकऱ्याला ती वेचून खड्ड्यात पुरावी लागतात. गोटमारीच्या दिवशी दोन्ही गावांच्या शिवारात फेकायचं सामान ट्रॉल्या भरून मोफत पडलेलं असतं. कोणी म्हणेल, हिरवं संत्रं काय कमी लागतं? लागतं. टेंगूळ येईल. पण कवटी फुटायची नाही.

दुपारी 4

पांढुर्ण्याहून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर सौंसर. तिथे याच दिवशी, याच वेळेला लेकरांचा तान्हा पोळा.

लाकडी नंदी बाहेर निघतो. चार चाकांवरचा, वीतभर ते हातभर उंचीचा, कधी आजोबाच्या वेळचा, दरवर्षी नवा रंग चढून चढून शिंगाशी जाडसर झालेला. त्याच्या गळ्यात बांगड्यांच्या काचेची माळ, पाठीवर आईच्या जुन्या साडीच्या काठाची झूल. त्याला ओढणारं लेकरू कोणाच्या घरचा शिवाजी, कोणाचा शेतकरी, कोणाची झाशीची राणी, डोक्यावर काकाचा फेटा आणि मिशा काजळाच्या. गल्लीत रांग लागते. मंडळातली मोठी मुलं सजावटीला, वेशभूषेला नंबर देतात. बक्षीस म्हणजे डबा, कंपास, वही, पाण्याची बाटली. मग नंदी घरोघर फिरतो, प्रत्येक दारात लेकराच्या हातावर बोजारा पडतो, दहाची नोट नाहीतर चॉकलेट. ही चाल नागपुरात दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी 1806 साली सुरू केली असं सांगतात. राजवाड्यातून निघाली आणि जुन्या साडीच्या काठापर्यंत येऊन पोचली.

तान्हा पोळाही तसा स्पर्धेचाच खेळ. रडारड होते, आमच्याच नंदीला नंबर का नाही म्हणून आया मंडळाशी भांडतात. पण दिवेलागणीला तो संपतो, कारण पोरांना भूक लागते आणि बक्षिसं वाटून झालेली असतात.

पांढुर्ण्यातही तान्ह्या पोळ्याचे नंदी घरोघर असतातच. नदीत उतरलेल्या बऱ्याच जणांनी लहानपणी ते ओढलेले आहेत.

संध्याकाळी 5

पात्रात कुऱ्हाड झाडापर्यंत पोचली आहे. ही बातमी काठावरून वर गच्च्यांपर्यंत पळत जाते. पुढे घुसणाऱ्या चार-पाच जणांना मागचे दगडांच्या आडोशानं झाकतात, म्हणजे पलीकडच्यांना मान वर काढू देत नाहीत. एक घाव. दोन घाव. घाव घालणाऱ्याच्या पाठीवर, मांडीवर गोटे बसतायत, तो वळत नाही. या क्षणी सगळ्यात जास्त दगड अगदी थोड्या जागेत पडतात, आणि दिवसातल्या सगळ्यात वाईट जखमा इथल्या असतात: फुटलेला जबडा, निकामी डोळा, कानातून येणारं रक्त. कानातून रक्त किंवा पाणी आलं की डॉक्टर टाक्यांच्या भानगडीत पडत नाहीत, गाडी बोलावतात.

कोणत्याही शहाण्या खेळात शेवटचा टप्पा हा नियमांनी सगळ्यात घट्ट बांधलेला असतो, कारण भान तिथेच सुटतं. इथे तो सगळ्यात मोकळा आहे.

पावणेसात

सूर्य बुडतो. झाड तुटलं असेल तर पांढुर्णेकर ते झेंड्यासकट उचलून वाजतगाजत चंडीच्या देवळाकडे नेतात. नसेल तुटलं तर दोन्हीकडचे जाणते आणि अधिकारी मध्ये पडतात, समझोता होतो, आणि झाड सामोपचारानं देवळात जातं. पूजा होते, दोन्ही गावं हात जोडतात.

हा समझोता मोलाचा आहे, आणि त्याच्याकडे पुरेसं लक्ष गेलेलं नाही. झाड न तोडताही दिवस संपू शकतो, देवीला चालतं, गावाला चालतं, कोणाची मान खाली जात नाही, हे गोटमारीनं स्वतःच किती वेळा दाखवून दिलं आहे. जो करार पावणेसातला होतो तो अकराला का होऊ नये, याचं कारण शास्त्रात नाही, कथेतही नाही. पंधरा दिवस आधीच्या बैठकीत हा एकच विषय घ्यावा: देवीधुऱ्याच्या पुजाऱ्यासारखा बास म्हणणारा कोण, आणि कशावर म्हणणार. पहिल्या टाक्यावर म्हणा, शंभराव्यावर म्हणा. दोन्ही गावांनी मानलेला माणूस असला पाहिजे एवढंच, कलेक्टरच्या सहीनं ते होणार नाही. रबरी चेंडू कचेरीतून आले होते.

रात्री 8

पत्रकारांना आकडा दिला जातो. एवढे जखमी, एवढे गंभीर, एवढे नागपूरला पाठवले. कोण जिंकलं याची चर्चा पानठेल्यांवर, आणि पुलावरून आता सगळेच ये-जा करतात. सकाळी एकमेकांवर नेम धरणारे एका टपरीवर चहा पितात, हे दरवर्षी लिहिलं जातं आणि खरं आहे. नगरपालिकेची माणसं पुलावरचे दगड झाडून काढतात.

रात्री 11

आकडा दिल्यानंतर एक वर्ग उरतो, त्याचं नाव कुठल्याच यादीत नसतं. डोक्याला मार बसला, थोडी भोवळ आली, मग बरं वाटलं, अंगारा लावून घरी गेला. जेवला. डोक्याच्या आत कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये रक्त हळूहळू साठत असेल तर मधले काही तास माणूस अगदी ठीक दिसतो, हसतो-बोलतो. मग डोकं दुखायला लागतं, उलटी होते, बोलणं अडखळतं, एक बाहुली मोठी दिसते, झोप अशी लागते की हाक मारून जाग येत नाही. घरच्यांना वाटतं दिवसभर दमलाय, किंवा प्यालाय, झोपू द्या.

डोक्याला मार बसलेल्याला नुसतं झोपू देऊन चालत नाही. पहिली रात्र घरातल्या कोणीतरी दर तासा-दोन तासांनी उठवून नाव, गाव विचारायचं, नीट उत्तर आलं नाही किंवा उलटी झाली तर सकाळची वाट न बघता निघायचं, आणि मोठ्या इस्पितळात सीटी स्कॅन करून घ्यायचं. नागपूर तिथून शंभर किलोमीटरच्या आसपास, रस्ता चांगला आहे, रात्री गाडीला दीड-दोन तास लागतात. केंद्रातल्या प्रत्येक पट्टीसोबत एवढ्या चार ओळी मराठीत आणि हिंदीत छापलेली चिठ्ठी दिली, आणि दुसरी गठ्ठ्यानं चंडीच्या देवळात अंगाऱ्याशेजारी ठेवली, तर कागदाच्या एका रिमात काम भागेल.